मुलांच्या कपड्यांत 'माया' राहिली नाही

काल लेकीची पँट घेऊन बसले होते. कापड दणकट, रंग अजून शाबूत, फक्त घोट्याच्या वर चढलेली. खालची दुमड उसवून दोन बोटं वाढवावी म्हणून उलटी केली, तर दुमडीत कापड जेमतेम एक सेंटीमीटर. बाजूची शिवणही ओव्हरलॉकने (कडा कापत शिवणाऱ्या मशीनने) टाक्याला लागून कापलेली. वाढवायला काही ठेवलेलंच नव्हतं.

शिवणकामात या जास्तीच्या कापडाला आपण 'माया' म्हणतो. वाढत्या अंगाच्या मुलांच्या कपड्यात तर ती हवीच हवी, आणि नेमकी तिथूनच ती गेली आहे. याचा मला मनापासून राग येतो.

बाळ पहिल्या वर्षात साधारण 25 सेंटीमीटर वाढतं, वजन तिप्पट होतं. त्याचा कपडा विटायच्या किंवा विरायच्या आधीच तोकडा पडतो, हे बनवणाऱ्यांना ठाऊक नाही असं कसं म्हणायचं? पण कारखान्यात कापडाचे थर एकावर एक अंथरून एकदम कापतात. नगामागे दोन सेंटीमीटर वाचले, की हजारो नगांत भरपूर कापड वाचतं. त्यांचं वाचतं, आणि आपल्या घरातून अख्खा कपडा बाद होतो.

एका सुती टी-शर्टमागे, कापूस पिकवण्यापासून धरलं तर, सुमारे 2,700 लिटर पाणी जातं असा अंदाज आहे. एवढं पाणी चार महिन्यांत संपलं की तीन मुलांना पुरलं, मला हाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. कापूस सेंद्रिय असेल तर उत्तमच. पण सेंद्रिय कापसाचं झबलंही आठ वेळा घालून कपाटाच्या तळाशी गेलं, तर काय साधलं?

'रिसायकल होतं ना' असं कुणी म्हणालं की मी थांबवते. वस्तू पुन्हा वापरात आणण्यावर काम करणाऱ्या एलन मॅकआर्थर फाउंडेशन या संस्थेच्या 2017 च्या अहवालानुसार कपड्यांसाठी वापरलेल्या मालापैकी 1 टक्क्याहूनही कमी माल पुन्हा नव्या कपड्यांत येतो. सुतात पॉलिस्टर आणि इलॅस्टेन (ताणला जाणारा कृत्रिम धागा) मिसळलेलं असलं की धागे वेगळे करणं फार अवघड. त्यात मुलांच्या कपड्यांवर रबरी छपाई, टिकल्या, चेन!

वाढणारा कपडा शिवता येतो, बरं का. विमानांचं इंजिनिअरिंग शिकलेल्या रायन यासिनने भाच्यासाठी कपडे घेतले, ते पोचेपर्यंत लहान झाले होते. मग त्याने बारीक चुण्यांचं, मुलाबरोबर उलगडत जाणारं कापड तयार केलं. 'पेटिट प्ली' नावाच्या त्या कपड्यांना 2017 मध्ये ब्रिटनचा जेम्स डायसन पुरस्कार मिळाला. पण प्रत्येक वेळी एवढं डोकं लढवायची गरज नाही. कमरेत काजं असलेलं इलॅस्टिक आणि आत बटण, दुमडता येतील अशा लांब बाह्या, गुडघ्याला दुहेरी कापड, खाली पाच सेंटीमीटर दुमड. हे कुठल्याही शिलाई मशीनवर होतं.

आणि रंगांचं तेवढं सोडा हो. गुलाबी मुलीचा, निळा मुलाचा, म्हणून बहिणीचा चांगला स्वेटर भावाला घालत नाहीत. पोराला ऊब लागते, रंगाचं त्याला काही नसतं.

कपडे पुढे देतानाही एवढं करा: धुवा, तुटलेलं बटण लावा, उसवलेली बगल शिवा, मग द्या. फाटकं तसंच दिलं तर ते पुढच्या घरातून कचऱ्यात जातं, आपण फक्त पत्ता बदललेला असतो.

दुकानात हल्ली मी कपडा आधी उलटा करून बघते. माया नसेल तर तसं दुकानदाराला सांगून परत ठेवते. चार जणांनी सांगितलं, तर पुढच्या मागणीच्या वेळी त्याला ते आठवेल.

त्या पँटला शेवटी जुन्या शर्टाची निळी पट्टी जोडली. लेकीला फार आवडली. पट्टीच्या आत तीन सेंटीमीटर कापड दुमडून ठेवलंय.