थेंब कुठे पडतो आणि तेल कुठून येतं

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आला. मजकूर थोडक्यात असा: जुन्या गाडीतून तेल गळणं हा दोष नाही, तो तिचा स्वभाव आहे, गळायचं थांबलं तर समजा तेल संपलं. उपाय काय, तर जाड तेल ओता, पॅकिंगवर (दोन भागांच्या मधे बसवलेल्या पट्टीवर) सिलिकॉन थापून बोल्ट करकचून आवळा, नाहीच थांबलं तर गळती बंद करणाऱ्या औषधाची बाटली तेलात टाका. आणि गाडी फारशी फिरत नसेल तर तेल बदलायच्या भानगडीत पडूच नका. शेवटी हात जोडलेले इमोजी.

पहिलं वाक्य विनोद म्हणून मलाही आवडतं. पण माझ्या ओळखीतल्या दोघांनी हा मेसेज वाचून खरंच जाड तेल ओतलं, म्हणून लिहायला बसलो. माझ्याकडे वडिलांनी घेतलेली 1978 ची प्रीमियर पद्मिनी आहे, कुर्ल्याच्या कारखान्यातली. घरात तिला अजून फियाटच म्हणतात. सरकारी नियमाप्रमाणे पन्नास वर्षं पूर्ण झाल्याशिवाय गाडी व्हिंटेज होत नाही, म्हणजे 2028 पर्यंत ती नुसतीच म्हातारी.

तर, स्वभाव. यात अर्धं तथ्य आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. ॲम्बॅसिडरचं जुनं 1489 सीसीचं इंजिन मूळचं बीएमसीचं, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं. त्याच्या क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) मागच्या टोकाला आजच्यासारखं तेल अडवणारं रबरी ऑइल सील नव्हतंच. क्रँकवर उलटे आटे कापलेले असत. क्रँक फिरला की ते तेल आत ढकलत. गाडी चढावर उभी केली की आटे थांबलेले, आणि तेल आपल्या वाटेने बाहेर. जुन्या विलीज जीपला त्याच जागी दोरीचं पॅकिंग असे. अशा गाड्यांखाली सकाळी दोन थेंब दिसले तर कुणी घाबरू नये. ढोबळ हिशेबाने वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर रात्रीचे दहा थेंब म्हणजे महिन्याला पंधरा मिलिलिटर. चहाच्या कपात तळाला राहतं तेवढं.

मेसेज लिहिणारा इथेच थांबला. माझा प्रश्न किती गळतं हा नसून कुठून गळतं हा आहे. टॅपेट कव्हरमधून (इंजिनाच्या वरच्या झाकणातून) पाझरलेलं तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडलं तर धूर, आणि नशीब वाईट असेल तर जाळ. मागच्या सीलमधून क्लचवर गेलं तर चढावर इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही. आणि मागच्या एक्सलमधून चाकात गेलं तर ब्रेक.

हे शेवटचं मी भोगलंय. काही वर्षांपूर्वी साताऱ्याहून परतताना खंबाटकी उतरताना ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढायला लागली. खाली सपाटीला थांबून पाहिलं तर मागच्या उजव्या चाकाच्या आतल्या बाजूला काळा ओघळ. बोटाला लावून वास घेतला: गिअर ऑइल, तो कुजकट गंधकाचा वास विसरता येत नाही. ब्रेकचा ड्रम उघडला तेव्हा आतले लायनर (ब्रेकच्या पट्ट्या) तेलात भिजलेले होते. भिजलेले लायनर पेट्रोलने धुऊन परत बसवतात लोक. बसवू नये, तापले की आतलं तेल पुन्हा वर येतं. मी नवे टाकले, सीलही नवं टाकलं. तीन महिन्यांत पुन्हा तोच ओघळ. सील पुन्हा बदललं. मग एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी गाडीखाली सरकून एक्सलच्या हाउसिंगवरचा बारकासा ब्रीदर, म्हणजे हवा बाहेर सोडणारं तोंड, दाखवला. त्यावर चिखल बसून तो सिमेंटसारखा घट्ट झालेला. गाडी चालली की आतलं तेल तापतं, हवा फुगते, तिला ब्रीदरमधून जाता येत नाही, मग ती सीलच्या ओठातून तेलासकट निघते. तारेने टोकून साफ केला. दुसरं सील तेव्हापासून कोरडं आहे.

इंजिनाचंही अगदी हेच. पिस्टनच्या रिंगांजवळून थोडा गॅस खाली क्रँककेसमध्ये (क्रँकभोवतीच्या पेटीत) उतरतोच. नव्या इंजिनातही उतरतो. त्याला बाहेर पडायला ब्रीदरची नळी आणि तिच्यातली तारेची जाळी दिलेली असते. जाळी काजळीने बुजली की सगळा दाब पॅकिंगांवर येतो, आणि जिथे पॅकिंग सगळ्यात कमजोर तिथून तेल फुटतं. मग मालक एक सील बदलतो, महिन्याने दुसरीकडून गळतं, तोही बदलतो, आणि शेवटी वैतागून तो मेसेज पुढे पाठवतो. त्याआधी इंजिन गरम करून, चालू असताना तेल भरायचं झाकण काढा आणि त्या भोकावर तळवा धरा. हलकी फुंकर लागली तर ठीक. भकाभक धूर येत असेल तर आधी ब्रीदर साफ करा. त्यानंतरही येत असेल तर गॅरेजवाले ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ते आहे, रिंगा थकल्यात. तिथे जगातलं कुठलंही सील टिकणार नाही.

जाड तेल. 20W-50 या जाडीचं तेल या इंजिनांना पुरेसं आहे. त्याहून जाड ओतलं, तर सकाळी थंड इंजिन सुरू करताना ते वरच्या रॉकरपर्यंत (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागांपर्यंत) पोचायला वेळ लावतं, आणि तेवढा वेळ वरचे भाग जवळजवळ कोरडे घासतात. इंजिनाची बरीचशी झीज सुरू होतानाच होते. थंडीत ऑइल प्रेशरचा काटा झकास वर दिसतो म्हणून माणूस खूश. तो काटा तेल अडल्याचंही सांगत असतो. दोन महिने गळती कमी दिसेल, हे मान्य. कडक झालेलं सील मात्र कडकच राहतं. माझ्या ओळखीतल्या एकाने तर इंजिनात गिअर ऑइल मिसळलं होतं. त्याबद्दल न बोललेलं बरं.

सिलिकॉन आणि आवळणं यावर मात्र बोलायलाच हवं, कारण इथे चुकीचा सल्ला भलताच मनापासून दिला जातो. टॅपेट कव्हर आणि खालचा, तेल साठवणारा चेंबर पत्र्याचे, आणि त्यांचं पॅकिंग कॉर्कचं. बोल्ट जास्त आवळला की कॉर्क बाहेर फुगतं आणि फाटतं, शिवाय भोकाभोवती पत्रा आत दबतो. मग दोन बोल्टांच्या मधे फट राहते आणि तेल तिथून येतं. आणखी आवळा, आणखी दबतो. मी चेंबर काढला की आधी त्याची कड काचेवर उलटी ठेवून बघतो. भोकं काचेला टेकलेली आणि मधली कड उचललेली दिसते. लाकडाच्या ठोकळ्यावर कड ठेवून गोल तोंडाच्या हातोडीने हलके हलके ठोकून ती सपाट करायची, मगच नवं कॉर्क. बोल्ट हाताने लावून घ्यायचे, मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे, लहान पान्याने. लांब पाना हातात आला की मोह होतो. दोन दिवस गाडी चालवल्यावर कॉर्क बसतं, तेव्हा पुन्हा एकदा किंचित.

सिलिकॉन जिथे सांगितलंय तिथे पातळ रेघ ठीक. थापलं की अर्धं बाहेर येतं, ते आपल्याला दिसतं. उरलेलं आत येतं, ते दिसत नाही. त्याचे तुकडे सुटून चेंबरमधल्या पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. एकदा एका गाडीच्या जाळीवरून मी निळ्या सिलिकॉनच्या शेवया काढल्यात.

बाटलीवर फार शाई घालवत नाही. त्यात रबर मऊ करून फुगवणारं रसायन असतं. वयाने कडक झालेल्या रबरी सीलला त्याने काही महिने मिळतात, कधी कधी मिळतात खरे. कॉर्कला, कागदी पॅकिंगला, सीलने शाफ्टवर खोदलेल्या खाचेला ते काय करणार? याचाच गावठी भाऊ म्हणजे इंजिन ऑइलमध्ये थोडं ब्रेक ऑइल टाकणं. सील फुगतं, मग सडतं, आणि तेलाचंही वाटोळं.

मग गळती शोधायची कशी, हे त्या मेसेजमध्ये एका ओळीनेही नव्हतं. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरा आणि चाकांच्या जागा पेनाने आखून घ्या. सकाळी डाग पाहा: काळं ते इंजिनचं, घट्ट आणि कुजकट वासाचं ते गिअरबॉक्स किंवा मागच्या हाउसिंगचं. पातळ, जवळजवळ पाण्यासारखं आणि चाकाजवळ असेल तर ब्रेक ऑइल, आणि तसं असेल तर गाडी जागची हलवू नका. पण डागाची जागा म्हणजे गळतीची जागा नव्हे. तेल खाली ओघळतं आणि चालताना वाऱ्याने मागे जातं. चेंबरच्या मागच्या कोपऱ्यातून टपकणारं तेल अनेकदा वर टॅपेट कव्हरमधून निघालेलं असतं. म्हणून इंजिन थंड असताना रॉकेलने (नाहीतर डिझेलने) आणि ब्रशने सगळं धुऊन काढा, पूर्ण वाळू द्या. मग टाल्कम पावडर फुंकरून मारा, पंधरा मिनिटं चालवा आणि टॉर्च घेऊन वरून खाली बघा. पांढऱ्यावर पहिली ओली रेघ जिथे सुरू होते, ते तुमचं पॅकिंग. खर्च पावडरचा.

तेल न बदलण्याचा सल्ला सगळ्यात महाग पडतो. उभी गाडी तेल खराब करत नाही असं वाटतं, पण पाच मिनिटं सुरू करून बंद केलेली गाडी तर चालणाऱ्या गाडीपेक्षा लवकर करते. इंजिन पुरतं तापतच नाही, जळणातून तयार झालेलं पाणी आत साचतं, थोडं पेट्रोल खाली उतरतं, आणि तेल आंबट होत जातं. पावसाळ्यात झाकणाखाली सायीसारखा पिवळट थर दिसतो तो हाच. मी किलोमीटर मोजत नाही, दर वर्षी पावसाळा संपला की तेल आणि फिल्टर बदलतो. मधल्या काळात पंधरवड्यातून एकदा अर्धा तास खरोखर चालवतो, सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत आणि परत. काढलेलं तेल डब्यात भरून गॅरेजला देतो. ते गटारात ओतणाऱ्यांशी माझं वेगळं भांडण आहे.

सील आणि पॅकिंग पुण्यात नाना पेठेत अजून मिळतात. जुनं सील सोबत न्या आणि नवं घेताना ओठ बोटाने दाबून पाहा. वर्षानुवर्षं पडून राहिलेला माल दुकानातच कडक झालेला असतो.

आज सकाळी माझ्या पुठ्ठ्यावर एक थेंब होता, गिअरबॉक्सच्या डाव्या बाजूला, जिथे स्पीडोमीटरची केबल शिरते. तिथलं बारकं सील गेलंय हे मला माहीत आहे. दिवाळीनंतर बघू.