‘एडिटमध्ये बघून घेऊ’

जनसंज्ञापनाच्या अभ्यासक्रमातील जाहिरात प्रकल्पात दरवेळी हेच घडते. सेकंदाला २५ याप्रमाणे ३० सेकंदांत अवघ्या ७५० फ्रेम (सुटी स्थिरचित्रे) मिळतात, हे ठाऊक असूनही आमचा गट स्टोरीबोर्ड, म्हणजे दृश्यांचा चित्ररूप आराखडा, कागदावर न उतरवता थेट कॅमेरा घेऊन बाहेर पडतो. मग भर दुपारच्या उन्हाने डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात, रस्त्यावरचे हॉर्न संवाद गिळून टाकतात आणि कॉलर माईक आणण्याची जबाबदारी कोणाची होती, यावर अर्धा तास वाद रंगतो. संकलनाला बसणाऱ्याने, म्हणजे बहुधा मीच, न घेतलेले क्लोजअप रात्री दोन वाजता कुठून आणायचे? ‘एडिटमध्ये बघून घेऊ’ हे वाक्य ऐकले की माझा संताप अनावर होतो.