चि. पशुमित्र

परवा संध्याकाळपासून माझ्या टेबलावर एक प्रमाणपत्र पडून आहे. गुळगुळीत कागद, कडेनं हिरवी वेलबुट्टी आणि डाव्या कोपऱ्यात एक गाय. गायीला लांबलचक पापण्या आहेत, गळ्यात घंटा आहे आणि ती वरचे-खालचे सगळे दात दाखवून हसतेय. मध्यभागी मोठ्या अक्षरात 'छोटा पशुमित्र'. त्याखाली 'चि.' आणि पुढे बॉलपेननं माझं नाव. वय : २० वर्षे. आवडता प्राणी : शेळी. हे मला कुणी विचारलंही नव्हतं. शेवटी छापील मजकूर : 'याने प्राण्यांची प्रेमाने काळजी घेतली, खाऊ वाटून खाल्ला आणि न सांगता हात धुतले.'

मी कृषी पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मिशी आहे. मतदान केलेलं आहे.

आणि गायीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच. खाली आठ असतात, वर नुसती जाड, टणक हिरडी. गवत जिभेनं ओढायचं, खालचे दात त्या हिरडीवर दाबायचे आणि हिसडा द्यायचा, असं तिचं काम चालतं. हे मी एका फार्मवर इंटर्न म्हणून काढलेल्या सहा आठवड्यांत किमान पाचशे मुलांना सांगितलं असेल, आणि त्याच मुलांना रोज संध्याकाळी बत्तिशी दाखवणाऱ्या गायीची प्रमाणपत्रं वाटली. तेव्हा काही वाटलं नाही. स्वतःला मिळालं तेव्हा दात दिसले.

तर फार्म पौडच्या पुढे, मुळशीच्या अंगाला. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्यातली सहा ते बारा वयाची मुलं दिवसभरासाठी येतात आणि 'प्राण्यांची काळजी घ्यायला मदत करतात'. दोन गीर गायी, एक कालवड, नऊ शेळ्या, कोंबड्या, ससे आणि एक गाढव. गाढवाचं तिथं नक्की काम काय, हे शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. माझंही सांगितलं नव्हतं, त्यामुळे आमचं जमलं. मालकीणबाईंना सगळे ताई म्हणत. गोठ्यावरच्या मावशींना 'इंटर्न' हा शब्द काही केल्या तोंडात बसेना. त्यांनी पहिल्याच दिवशी "ओ इंटरनेट, ती बादली उचला" म्हणून हाक मारली. मोबाईलला रेंज नसलेल्या त्या ठिकाणी मी सहा आठवडे इंटरनेट होतो.

आता मदत. बावीस मुलांनी गोठा झाडायचा तर गोठा आधी घाण पाहिजे. मावशी पहाटे पाचला येऊन तो लख्ख करून ठेवायच्या. म्हणून ताईंचा हुकूम होता, "मुलांसाठी दोन पो राखून ठेवा. बघून ठेवा हं, घट्टसर." एक गाय दिवसाला पंधरा-वीस किलो शेण टाकते. त्यातून फोटोत बरे दिसतील असे दोन पो निवडायचे आणि अकरा वाजता बस येईपर्यंत उन्हात त्यांच्यावर साय धरू नये म्हणून पाणी शिंपडत बसायचं, हे खातं माझ्याकडे. आमच्या अभ्यासक्रमात हे कुठल्याच सेमिस्टरला नाही. मुलं येत, प्रत्येकाच्या हातात छोटा खराटा, आणि तेच दोन पो बावीस दिशांना पसरत. मग जेवणाच्या सुट्टीत मावशी आणि मी गोठा दुसऱ्यांदा धुऊन काढत असू.

अंड्यांचंही तेच. उन्हाळ्यात कोंबड्या अंडी कमी घालतात, आणि घालतात ती बहुतेक सकाळच्या प्रहरात. अकरा वाजता खुराड्यात हात घालणाऱ्या मुलाला अंडं मिळालंच पाहिजे, बाराशे रुपये फी आहे. म्हणून मी साडेदहाला काल-परवाची अंडी पेंढ्यात नेऊन ठेवायचो. एका चष्मेवाल्या मुलीनं अंडं गालाला लावून पाहिलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "दादा, कोंबडीच्या पोटात फ्रीज असतो का?"

त्या दिवसापासून अंडी रात्रीच फ्रीजमधून बाहेर काढून ठेवू लागलो. अनुभवातून शिकणं म्हणतात ते हेच असावं.

पण मला सांगायचंय ते आजोबांबद्दल. शेवटच्या रविवारच्या बॅचला ते नातवाला घेऊन आले. बाकीचे पालक मुलांना सोडून आंब्याखाली बाजेवर आडवे झाले, आजोबांनी मात्र खुर्ची उचलून गोठ्याच्या दारात आणून मांडली. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं, मांडीवर छत्री. निवृत्त होण्याआधी बँकेत ऑडिटला होते. ते त्यांनी सांगितलं नसतं तरी चाललं असतं.

"हे झाडण्याचं काम रोज असतं?"

"हो आजोबा, रोज."

"मुलं नसतात तेव्हा कोण करतं?"

"मावशी करतात. आणि मी."

"मावशींना पगार आहे?"

"आहे."

"म्हणजे या कामाला बाजारात किंमत आहे." एक पेन बाहेर आलं. फीची पावती उलटी करून त्यांनी मधोमध उभी रेघ मारली. "माझ्या नातवानं आज गोठा झाडला, शेळ्यांना कडबाकुट्टी घातली, पाच अंडी गोळा केली. बरोबर?"

"बरोबर."

"आणि बाराशे रुपये कुणी कुणाला दिले?"

"तुम्ही. आम्हाला."

"उलटी नोंद आहे ही," आजोबा म्हणाले. आवाजात राग अजिबात नव्हता, खतावणीत चूक सापडल्याचा शांत आनंद होता. "अंड्यांचं पुढे काय होतं?"

मी काउंटरकडे बोट दाखवलं. गावठी अंडी, पंधरा रुपयांना एक.

"म्हणजे श्रम आमचे, पैसे आमचे, आणि माल आम्हीच विकत घ्यायचा." हे त्यांनी लिहून घेतलं. मी गप्प. ती अंडी त्या आठवड्यात तीन वेगवेगळ्या बॅचच्या मुलांना 'सापडली' होती, हे त्यांच्या कोणत्या रकान्यात गेलं असतं कोण जाणे.

मग त्यांनी मला बालकामगार कायदा सांगितला. १९८६ चा, त्यात २०१६ ला दुरुस्ती, चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावता येत नाही. मी म्हटलं, आजोबा, हे काम नाही, अनुभव आहे. ते म्हणाले, "घरच्या व्यवसायात शाळेची वेळ सोडून मदत केली तर सूट आहे. म्हणजे कायदेशीर मार्ग एकच, मला गाय घ्यावी लागेल." दोन मिनिटं त्यांनी गायीकडे खरोखर गिऱ्हाइकासारखं पाहिलं. "केवढ्याला असेल?"

"विकायची नाही, आजोबा."

"तसं नाही, अंदाज." मी अंदाज सांगितला. त्यांनी तो बाराशेनं भागला. "एवढ्या फेऱ्यांत गाय सुटते," म्हणाले. "पण आमची सोसायटी परवानगी द्यायची नाही. तिसरा मजला."

इथवर मलाही मजा येत होती. मग पेन माझ्याकडे वळलं.

"तुम्ही इथे कोण?"

"इंटर्न."

"म्हणजे शिकाऊ उमेदवार. १९६१ चा कायदा आहे त्याला. विद्यावेतन किती?"

"नाही मिळत."

"मग तुम्हीही फी भरलीत?"

"नाही नाही. राहणं-जेवण फुकट आहे."

आजोबांनी दोन्ही रकान्यांवरून पेन फिरवलं. बहुधा मला कुठे लिहावं ते ठरत नव्हतं. "तुम्ही वीस वर्षांचे, म्हणून त्या कायद्यात नाही. कागदोपत्री कुणी नोंदवलेलं नाही, म्हणून या कायद्यातही नाही. मुलांसारखी फी नाही, मावशींसारखा पगार नाही." मग पावतीच्या तळाशी, दोन्ही रकान्यांच्या खाली, त्यांनी काहीतरी लिहिलं. मी वाकून वाचलं. 'संकीर्ण.'

उमेदवार हा शब्द माझ्या डोक्यातून दिवसभर जाईना. निवडणुकीतल्या उमेदवाराचं निदान डिपॉझिट तरी जप्त होतं.

चार वाजता धारेचा कार्यक्रम. बावीस मुलं ओळीनं, प्रत्येकानं सडाला एकदा हात लावून एक धार काढायची. गायीचं असं असतं, की कास धुतली, ओळखीचा हात लागला की ती पान्हा सोडते, आणि तो जेमतेम पाच-सात मिनिटं टिकतो. तेवढ्यात धार झाली पाहिजे. भोवती गलका असला, ती बुजली, की पान्हा चोरते. बावीस मुलं, अकरा मोबाईल आणि "ई, गरम आहे!" अशा किंकाळ्यांत कुठली गाय पान्हा सोडेल? पाचव्या मुलानंतर थेंब येईना. मी हे सगळं शास्त्र शांतपणे समजावून सांगितलं. रांगेतल्या सहाव्या मुलानं भोकाड पसरलं. त्याच्या आईनं मला विचारलं, "दुसरी गाय चालू नाहीये का?"

मागून आजोबांचा आवाज आला. "पहाटे एकदा ड्यूटी केलीय तिनं. ओव्हरटाइम करत नाही. त्या जनावराला कळतं." थोडं थांबून, छत्रीचं टोक माझ्याकडे करून, "तुम्हाला कळत नाही."

सगळे हसले. मीही हसलो. रात्री झोपताना मात्र हसू आलं नाही.

ताई वाईट नाहीत, हे सांगायलाच हवं. जेवण चांगलं असायचं, आमरस दोनदा झाला. पण पैशांचा विषय निघायच्या बेताला आला की त्या 'पॅशन' म्हणायच्या, आणि पॅशन असलेल्या माणसानं पुन्हा विषय काढायचा नसतो. मावशींना दिवसाला किती मिळतात हे मी कधी विचारलं नाही. आकडा लहानच असणार, आणि तरी मला हेवा वाटला असता. याची लाज आजही वाटते. आमचं घर मंगळवेढ्याला. तीन पंढरपुरी म्हशी आहेत. फोनवर अण्णांना सांगितलं, तर पलीकडे बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग म्हणाले, "शेण काढाय पुण्याला गेलायस व्हय? आन् हितं काय म्हशी बुंदी टाकत्यात?" मी प्रमाणपत्राचं महत्त्व सांगितलं. "ये की घरी. मी देतो सर्टिफिकेट. आईची बी सही घिऊ."

राहता राहिली शेळी. कुंपणावर पाटी होती, 'प्राण्यांना डब्यातले काही देऊ नये.' पाटी मराठीत होती, मुलं इंग्रजी माध्यमातली. तिसऱ्या आठवड्यात एका तांबड्या शेळीला कुणी पाव, कुणी केक, कुणी पोळीचे रोल असं बावीस डब्यांचं जेवण घातलं. रात्री नऊला तिची डावी कूस ढोलासारखी टरारली. डॉक्टर दूर होते. त्यांनी काउंटरच्या फोनवरून एकेक सांगितलं. खायचा सोडा, गोडेतेल, ठसका लागू न देता सावकाश पाजा, पुढचे पाय उंचावर ठेवा, कूस चोळत राहा. ओट्याच्या पायरीवर तिचे पुढचे पाय घेऊन मी बसलो. ती माझ्या तोंडाकडे बघून कण्हत होती. रात्री दीडच्या सुमाराला तिनं माझ्या थेट नाकासमोर असा एक लांबलचक ढेकर दिला, की तसला समाधानी ढेकर मी लग्नाच्या पंगतीतही ऐकलेला नाही. पाठोपाठ दुसरा. मग तिनं माझ्या शर्टाचं बटण खाल्लं.

त्यामुळे 'आवडता प्राणी : शेळी' हे खरं आहे. त्या कागदावर तेवढंच एक खरं आहे, म्हणून चीड जास्त येते.

निरोपाचा कार्यक्रम त्याच रविवारी, आंब्याखाली. बावीस नावं झाली, बावीस टाळ्या झाल्या. मी ट्रे धरून उभा. ट्रे रिकामा झाला असं मला वाटलं, तेवढ्यात ताई म्हणाल्या, "आणि आता एक सरप्राइज! आपला इंटर्न दादा!" कागद माझ्या हातात आला. मुलांनी जोरात टाळ्या वाजवल्या, मावशींनी पण. फोटोसाठी मला पुढच्या रांगेत, गुडघ्यावर बसवलं. आजोबांनी माझ्या हातातून प्रमाणपत्र घेतलं, चष्मा वर सरकवून दोन्ही बाजू पाहिल्या आणि परत केलं.

"तारीख नाही, जावक क्रमांक नाही, शिक्का नाही. कुठेही चालणार नाही."

ताईंना म्हटलं, कॉलेजला साधं पत्र लागेल. त्या म्हणाल्या, "अरे, हेच सगळ्यांना आवडतं! लॅमिनेट करून देऊ? तीस रुपये."

काल कॉलेजात सरांपुढे तो कागद ठेवला. सरांनी बराच वेळ पाहिला. हात धुतल्याचा मजकूर दोनदा वाचला असावा, ओठ हलताना दिसले. मग गंभीरपणे विचारलं, "हे दात कुणी काढले?"

"सर, मी हसत नाहीये."

"तुमचे नाही. गायीचे. वरचे." सर पशुविज्ञान शिकवतात. कागद माझ्याकडे सरकवला. "लेटरहेडवर आणा. सही, शिक्का, तासांचा हिशेब."

रात्री ताईंना मेसेज टाकला. उत्तर आज सकाळी आलं, तीन स्मायल्यांसकट : 'शिक्का फार्मवरच आहे रे! रविवारी ये ना, तीस मुलांची बॅच आहे. लवकर ये, पो राखायचेत. येताना हात धुवायच्या साबणाचे दोन कॅन आण.'