‘पणजी आकाशवाणीला कुलूप लावा’ या मजकुराला उत्तर

व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या एक मजकूर फिरतो आहे: ‘आकाशवाणी-दूरदर्शन कोणी ऐकत-बघत नाही, तरी प्रत्येक घराकडून लायसन्सचे पैसे जातात. पणजी केंद्राला कुलूप लावा. बातम्या खासगी एफएमवर मिळतील, वादळाचा इशारा मोबाइलवर येईल. फ्री डिशलाही आता महिन्याचे भाडे लागणार.’ काणकोणच्या आमच्या आत्याने हे वाचून रेडिओ भंगारवाल्यासाठी काढून ठेवला. तिच्या घरातले दोघे होडी घेऊन समुद्रावर जातात. म्हणून गप्प बसवत नाही.

लायसन्सचे आधी संपवू. रेडिओ-टीव्हीचे लायसन्स ऐंशीच्या दशकातच रद्द झाले. आज तुमच्या घरातून असा एक पैसाही जात नाही.

खासगी एफएमवर बातम्या? त्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगीच नाही. आकाशवाणीचे बातमीपत्र आहे तसे, फेरफार न करता लावता येते. हवामान, वाहतूक, खेळ, नैसर्गिक आपत्तीच्या सूचना अशी ठरावीक माहिती सांगायची मुभा आहे, तेवढीच. म्हणजे आकाशवाणी बंद पडली तर त्यांच्याकडे लावायलाही बातमीपत्र उरणार नाही.

आता मोबाइलचा मुद्दा. यात माणसे मरू शकतात. गावात टॉवर चालू असेल तर इशारा फोनवर येतो, हे खरे. पण किनारा दिसेनासा झाला की रेंज जाते. जमिनीवरही भरवसा नाही. १६ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा झाडे पडून तारा तुटल्या, गावेच्या गावे अंधारात होती. वीज गेली की टॉवर बॅटरीवर काही तास चालतो, नंतर डिझेल लागते, आणि रस्त्यावर माड आडवा पडला असेल तर डिझेल पोहोचत नाही.

मध्यम लहरीचे (रेडिओवरचा ‘एमडब्ल्यू’ पट्टा) तसे नाही. जनरेटरवर चालणारा एकच प्रक्षेपक (ट्रान्समीटर) मोठा टापू सांभाळतो. खाऱ्या पाण्यावरून ही लहर जमिनीपेक्षा दूर जाते. एफएम डोंगराआड अडते, गोव्याच्या सत्तरी-सांग्यातल्या खोलगट वाड्यांवर ती खरखरते ती त्यामुळेच. मच्छीमारांसाठीचे हवामान खात्याचे इशारे आकाशवाणीवरून सांगितले जातात ते उगाच नाही.

रेडिओ नीट वापरावा मात्र लागतो. मध्यम लहरीचा अँटेना संचाच्या आत आडवा असतो, म्हणून आवाज स्वच्छ होईपर्यंत संच पाव वळसा फिरवून बघावा. एलईडी दिवा, चार्जर आणि इन्व्हर्टर यांच्यापासून दूर ठेवावा. होडीच्या लोखंडी केबिनमध्ये लहर शिरत नाही, संच बाहेर धरावा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा सेल काढून ठेवावेत, नाहीतर ते पाझरून पट्ट्या गंजतात आणि ऑगस्टमध्ये ऐन वेळी संच मुका होतो.

फ्री डिश ही दूरदर्शनची उपग्रहावरून मिळणारी टीव्ही सेवा, तिला मासिक भाडे नाही. डिश आणि बॉक्स एकदा विकत घ्यायचे. गोव्यातून डिशचे तोंड आग्नेयेला, सुमारे ६१ अंश वर. त्या बाजूला फणस-माड नसावा. धो धो पावसात चित्र तुटते. तेव्हाही रेडिओच लागतो.

‘कोणी ऐकत नाही’ यात अर्धे तथ्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. कार्यक्रम पुन्हापुन्हा लागतात, आणि केंद्र सरकारच्या अनुदानाचा मोठा भाग पगारात जातो. पण त्यावर कुलूप हा उपाय कसा? आकाशवाणी-दूरदर्शन चालवणाऱ्या महामंडळाचा, म्हणजे प्रसार भारतीचा, १९९० चा कायदा वाचा. कलम १२ सार्वजनिक प्रसारण हे महामंडळाचे पहिले कर्तव्य ठरवते, त्यात प्रदेशोप्रदेशीच्या भाषा आणि संस्कृती येतात. कलम १७ प्रमाणे संसदेच्या मंजुरीने सरकार त्यासाठी पैसा देऊ शकते. म्हणजे कोंकणी-मराठी कार्यक्रम हे कोणाचे उपकार नव्हेत.

शिवाय फ्री डिशवर जागा मिळवायला खासगी वाहिन्या लिलावात पैसे मोजतात. त्या उत्पन्नाचा ठरावीक वाटा पणजीसारख्या केंद्रांच्या स्थानिक निर्मितीला बांधून द्यावा, असे माझे मत आहे. जानेवारी २०२३ मध्ये प्रसारणाच्या पायाभूत सुविधांसाठी २०२५-२६ पर्यंत २,५३९.६१ कोटींची योजना मंजूर झाली. त्यातले गोव्याच्या प्रक्षेपकावर, जनरेटरवर आणि स्टुडिओवर किती खर्च झाले, हे आपल्या लोकसभेतल्या दोन्ही खासदारांना विचारा. माहिती अधिकारातही अर्ज करता येतो, शुल्क दहा रुपये.