कापूर, करंज आणि कुत्र्याची जीभ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

कुत्र्यांच्या खाजेवरील माझ्या लेखाला आपण रत्नागिरीहून पाठवलेली सविस्तर प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे : आपल्या घरी वीस वर्षांपासून कुत्र्यांना खोबरेल तेलात कापूर विरघळवून लावतात आणि कधी काही बिघडलेले नाही, मी मात्र कडुनिंब, करंज, हळद, कोरफड हे सगळे एका वाक्यात मोडीत काढले, आणि ज्या डॉक्टरांकडे जा असे मी सांगते, त्यांच्यापैकीच एकाने आपल्या मोतीला वर्षभर स्टिरॉइडच्या गोळ्या देऊन त्याची तब्येत आणखी बिघडवली.

यातला दुसरा आक्षेप मला सरळ मान्य आहे. 'घरगुती उपायांच्या नादी लागू नये' असे लिहून मी पुढे गेले आणि ओट्सची आंघोळ व कापराचे तेल यांना एकाच पंगतीला बसवले, ही माझी चूक झाली. या उपायांत काही खरोखर उपयोगाचे आहेत, काही निरुपयोगी पण निरुपद्रवी आहेत आणि काही जिवावर बेतू शकतात. हा फरक मी तेव्हाच सांगायला हवा होता.

कापरापासून सुरुवात करते, कारण त्याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. आपण मलम लावले की ते आपल्या अंगावरच राहते. कुत्रा मात्र खाजणारी जागा चाटतो, दातांनी कुरतडतो, पुन्हा चाटतो, आणि सकाळी लावलेले तेल दुपारपर्यंत त्याच्या पोटात गेलेले असते. म्हणून कुत्र्यासाठी कोणताही लेप निवडताना मी आधी स्वतःला विचारते, की हीच वस्तू मी त्याला वाटीत घालून खायला दिली असती का. कापूर कोणी देणार नाही. तो पोटातून फार लवकर रक्तात जातो, कातडीतूनही थोडा शोषला जातो, आणि मात्रा जास्त झाली तर उलट्या, थरथर आणि थेट झटके येऊ शकतात. लावल्याबरोबर जो थंडावा जाणवतो, तो मज्जातंतूंना होणारा आभास असतो. कातडीची सूज त्याने उतरत नाही. आपल्या घरी वीस वर्षांत काही झाले नाही, यावर माझा पूर्ण विश्वास आहे, आणि त्याचे कारण आपल्याच पत्रात आहे : आपण तेल मानेवर आणि पाठीवर लावत होता. तिथे जीभ सहज पोहोचत नाही. मोतीची खाज पंजांच्या बोटांमध्ये आणि पोटाखाली आहे, आणि तिथे तर तो दिवसभर जीभ लावून बसलेला असतो.

हल्ली 'नैसर्गिक' म्हणून सर्रास सुचवल्या जाणाऱ्या टी ट्री तेलाचेही असेच आहे. पातळ न केलेले तेल अंगाला लावल्यानंतर कुत्र्यांना लाळ गळणे, अशक्तपणा, अडखळत चालणे, थरथरणे असे त्रास झाल्याची शेकडो उदाहरणे पशुवैद्यकीय नियतकालिकात नोंदलेली आहेत. तेव्हा ती बाटलीही नको. गोचीड पळतात म्हणून जेवणात लसूण घालणारेही पुष्कळ आहेत; कांदा-लसणामुळे कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात आणि त्याला रक्तक्षय होऊ शकतो.

कडुनिंबाच्या बाबतीत मी आपल्याला माझ्या घरचाच अनुभव सांगते. आमची चिमी ही गावठी कुत्री. शेपटीच्या बुडाशी आणि पाठीच्या मागच्या भागात ती इतकी कुरतडत असे, की तिथले केस जाऊन कातडी लाल पडली. मी तीन आठवडे निष्ठेने कडुनिंबाचे तेल लावले. वासाने घर भरून गेले, तिने चाटून दोनदा उलटी केली आणि खाज तसूभरही कमी झाली नाही. अंगावर पिसू तर एकही दिसत नव्हती, त्यामुळे पिसवांचा विचारच मनात आला नाही. शेवटी पशुवैद्य बाईंनी तिच्या शेपटीच्या बुडाशी बारीक दातांची फणी फिरवली आणि फणीत आलेली काळी भुकटी पांढऱ्या ओल्या कागदावर झटकली. मिनिटभरात प्रत्येक काळ्या कणाभोवती तांबूस कडे उमटले. ती माती नव्हती, पिसवांची विष्ठा होती, म्हणजे चिमीचेच पचलेले रक्त. पिसवेच्या लाळेची ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला एकदोन चावेही आठवडाभर खाजवायला पुरतात, आणि असा कुत्रा स्वतःला इतका चाटतो की पिसवा गिळूनच टाकतो. म्हणून त्या अंगावर दिसत नाहीत.

कडुनिंब इथे का हरला, तेही यातूनच कळते. त्यातला अझाडिरेक्टिन हा घटक किड्यांची वाढ आणि प्रजनन रोखतो, पण अंगावर बसलेल्या प्रौढ पिसवेला तो झटपट मारत नाही. जिथे एक चावा पुरतो, तिथे सावकाश चालणारा उपाय कमी पडणारच. शिवाय घरातल्या पिसवांचा फार मोठा भाग अंडी, अळ्या आणि कोष यांच्या रूपात कुत्र्याच्या अंथरुणात, गालिच्यात आणि फरशीच्या फटींत असतो. चिमीला पिसवांची गोळी सुरू झाली, तिचे अंथरूण दर आठवड्याला गरम पाण्यात धुतले, तेव्हा कुठे दोन महिन्यांनी केस पुन्हा आले. कडुनिंबाच्या पाल्याचा सौम्य, गाळलेला, थंड केलेला काढा आंघोळीच्या शेवटी अंगावर ओतायला माझी काहीच हरकत नाही. माझी हरकत आहे ती, त्यावर विसंबून मी घालवलेल्या तीन आठवड्यांना.

करंजाचे तेल आणि गंधक हे लुतीवरचे जुने औषध आहे, आणि गंधकाचा भाग तर आधुनिक पशुवैद्यकातही टिकून आहे. पण लूत म्हणजे ॲलर्जी नव्हे. तो कातडीत बीळ करणाऱ्या सूक्ष्म किड्यांचा आजार आहे. तो कानांच्या कडांपासून आणि कोपरांपासून सुरू होतो, आणि घरातल्या माणसांनाही खाज सुटू लागली तर त्याचा संशय आधी घ्यावा. गंधकाचे प्रमाण डॉक्टरांनाच ठरवू द्यावे. गॅरेजमधले जळके ऑइल लुतीवर लावण्याची जी पद्धत आपण ओघात लिहिली आहे, ती मात्र कृपया कोणाला सुचवू नका. त्याने कातडी भाजते आणि चाटल्यावर विष पोटात जाते.

आता मोतीविषयी. लॅब्रेडोर, सुरुवात दीड वर्षाच्या वयात, पंजे, काखा, पोट आणि कान, दर पावसाळ्यात वाढणारी खाज : हे वर्णन ॲटोपीचे, म्हणजे घरातल्या धुळीतले सूक्ष्म किडे, बुरशी, परागकण यांच्या ॲलर्जीचे वाटते. कोकणातल्या दमट हवेत हे किडे आणि बुरशी दोन्ही फोफावतात. आपण याला 'उष्णता' म्हणता आणि त्यावर दही-भात देता. दह्याने पोट शांत राहत असेल, पण कुत्र्यांमध्ये अन्नाची ॲलर्जी ज्या पदार्थांची जास्त आढळते, त्यांत गोमांस, दूध, कोंबडी आणि गहू हे आघाडीवर आहेत. म्हणजे आपल्याकडच्या कुत्र्याचे रोजचे दूध-पोळीचे जेवणच कधी कधी संशयित ठरते. खात्री करायची असेल तर किमान ८ आठवडे डॉक्टरांनी ठरवून दिलेला, त्याने पूर्वी कधी न खाल्लेला आहारच द्यावा लागतो. मधे एक बिस्किटही चालत नाही. त्याच्या कानांना आंबूस वास येतो आणि बोटांमधली कातडी तेलकट, तपकिरी झाली आहे असेही आपण लिहिले आहे. तिथे बहुधा यीस्टचा, म्हणजे एका प्रकारच्या बुरशीचा, संसर्ग झाला आहे. कातडीवर सेलोटेप दाबून ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की काही मिनिटांत खात्री होते. अशा ओल्या, तेलकट जागी खोबरेल तेल लावणे म्हणजे त्या संसर्गाला खतपाणी घालणे होय. कोरड्या, भेगाळलेल्या तळव्यांना मात्र तेच तेल थोडेसे चालते.

मग आपल्या हातात काय उरते? बरेच काही. साधे ओट्स मिक्सरमध्ये पिठासारखे बारीक करून त्यातले चमचाभर पीठ पाण्यात टाकून पाहावे. पाणी दुधासारखे झाले तर दळण बरोबर झाले. कोमट नव्हे, जवळजवळ गार पाण्यात ते मिसळून मोतीला १० मिनिटे त्यात भिजू द्यावे, नंतर अंग न घासता टॉवेलने टिपावे, आणि बोटांमधल्या फटी पूर्ण कोरड्या कराव्यात. आराम एकदोन दिवसांचाच असतो, पण तो खरा असतो. फिरून आल्यावर पंजे आणि पोट नुसत्या पाण्याने पुसले तरी परागकण आणि धूळ कमी होते. कोरफड वापरायची तर पान कापून वाटीत उभे ठेवावे. सालीखालून जो पिवळा, उग्र वासाचा चीक ओघळतो, तोच वाळवून आपल्याकडे काळा बोळ करतात, आणि तो रेचक असल्याने चाटणाऱ्या कुत्र्याला जुलाब होतात. चीक पूर्ण निथळल्यावर आतला पारदर्शक गर धुऊन लावावा. हळद अंगावर लावल्याने नुकसान नाही, पण पू झालेल्या जागेवर तिचा थर देऊ नका. डॉक्टरांना खालची कातडी दिसत नाही.

कातडीचा ओलावा टिकवण्यासाठी आपण जवस देता, त्यामागचा विचार योग्य आहे. अडचण इतकीच, की जवसातले ओमेगा-३ कुत्र्याच्या शरीरात फारच थोड्या प्रमाणात उपयोगाच्या रूपात बदलते. माशांत ते आयतेच असते. रत्नागिरीच्या बाजारात तारली मिळते. मिठाशिवाय उकडून, काटे काढून दिलेली तारली मोतीला मानवते का, हे डॉक्टरांना विचारून पाहा. मात्र आहाराची चाचणी चालू असेल तर ती संपेपर्यंत थांबा. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात.

स्टिरॉइडविषयीचा आपला राग मला समजतो. वर्षभर प्रेडनिसोलोन दिल्यावर सतत तहान, सतत भूक, वाढते वजन आणि पातळ होत जाणारी कातडी हे परिणाम ओळखीचे आहेत, आणि कारण न शोधता गोळी चालू ठेवणे ही हयगयच आहे. काही दिवसांची भडकलेली खाज विझवायला तेच औषध फार कामाचे ठरते, हेही तितकेच खरे. दीर्घकाळासाठी आता ओक्लासिटिनिबसारखी वेगळी औषधे आहेत, त्यांची चौकशी जरूर करा. आपण मात्र गोळ्या 'सोमवारपासून एकदम बंद करणार' असे लिहिले आहे. तसे करू नका. इतक्या दिवसांच्या स्टिरॉइडमुळे शरीरात स्वतःहून तयार होणाऱ्या स्टिरॉइडची निर्मिती मंदावलेली असते, आणि मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवावी लागते. दुसऱ्या डॉक्टरांकडे जायचे असेल तर अवश्य जा. जाताना आजवरच्या गोळ्यांची नावे, मात्रा आणि तारखा एका कागदावर लिहून न्या, आणि त्याआधी एकदा फणी आणि ओला पांढरा कागद घेऊन मोतीच्या शेपटीच्या बुडाशी पाहा. काय दिसते ते मला कळवा.