खांबाचं काय करायचं?

माझी उंची पाच फूट पाच इंच, त्यामुळे बास्केटबॉल खेळायचा विषय देवानेच परस्पर निकालात काढलेला, पण एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या, टीमचा जनरल मॅनेजर व्हायला उंची कुठे लागते? डोकं लागतं, आणि ते आपल्याकडे आहे असा माझा तेव्हा समज होता.

तर आम्ही बारा मित्र 2020 पासून कॉम्प्युटरवर बास्केटबॉलची एक लीग चालवतो. बारा टीम आमच्या, उरलेल्या 18 कॉम्प्युटर सांभाळतो. खेळाडू सगळे कॉम्प्युटरने पैदा केलेले, खोटे. पण नियम मात्र खरे एनबीएचे, सॅलरी कॅप, म्हणजे टीमच्या एकूण पगारावरची मर्यादा, खरी, तारखासुद्धा खऱ्या. हे 'सगळं खरं पाहिजे' चं खूळ आमच्या कमिशनरचं. हा माणूस दिवसभर लोकांचे इन्कम टॅक्स रिटर्न भरतो आणि रात्री विरंगुळा म्हणून आमचे भरतो. त्याला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, डंक आणि डबल ड्रिबल यातला फरक विचारलात तर गप्प बसेल, पण एनबीएच्या सहाशेच्या वर पानांच्या करारातलं कलम कुठल्या पानावर आहे ते झोपेत सांगेल. आणि गंमत म्हणजे लीगमध्ये सगळ्यात जास्त चालतं त्याचंच, कारण हा खेळ बास्केटबॉलचा नाहीच मुळी, हा बेरीज-वजाबाकीचा खेळ आहे, मधे मधे चुकून कोणीतरी बॉल टाकतं इतकंच.

आता खांबाकडे येतो. 2020 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, दुसऱ्या राउंडला मला एक सात फुटी सेंटर मिळाला. कॉम्प्युटरने दिलेलं नाव मला धड उच्चारता येईना म्हणून मी त्याला खांब म्हणायला लागलो. एकतर उंच, आणि दुसरं म्हणजे जिथे उभा केला तिथेच उभा राहतो, समोरून माणूस पळत गेला काय आणि बाजूने गेला काय, ह्याच्या चेहऱ्यावरची रेष हलत नाही. तीन वर्षं तो मिनिमम पगारावर माझ्याकडे इमानेइतबारे उभा होता. आणि मग 2023 च्या सेमीफायनलची सातवी मॅच, शेवटचे दोन सेकंद, एका पॉइंटने मागे, आमच्या गार्डचा शॉट रिंगवर आपटून वर उडाला आणि खाली आला तो थेट खांबाच्या हातात. त्याने काही केलं नाही हो. तो तिथे होता. बॉल हातात आला, रिंग डोक्याशी होती, त्याने बॉल आत ठेवला, फळीवर डबा ठेवावा तसा. आम्ही फायनलला गेलो. मी रात्री दोन वाजता घरात असा ओरडलो की बायको बाहेर येऊन म्हणाली, "कोण गेलं?"

फायनल हरलो ती गोष्ट वेगळी. पण त्या उन्हाळ्यात खांबाचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि इथे माझ्या बुद्धीने माती खाल्ली.

एनबीएची कॅप म्हणजे पक्की भिंत नाही, सॉफ्ट कॅप आहे, म्हणजे आपल्या घरातल्या बजेटसारखी, ठरवायची असते आणि मग ओलांडायची असते, फक्त ओलांडायला कारण लागतं. त्यातलं सगळ्यात लाडकं कारण म्हणजे बर्ड एक्सेप्शन, बॉस्टनच्या लॅरी बर्डच्या नावाने ओळखलं जाणारं. खेळाडू तीन सीझन तुमच्याकडे असेल तर कॅप संपली असली तरी तुम्ही त्याला परत घेऊ शकता, वर दरवर्षी 8 टक्क्यांपर्यंत पगारवाढ देऊ शकता. 'देऊ शकता' असं लिहिलंय. मी ते 'द्या' असं वाचलं. चार वर्षं, पहिल्या वर्षी 22 मिलियन, मग 23.76, मग 25.52, मग 27.28. एकूण 98.56 मिलियन डॉलर. म्हणजे जवळजवळ दहा कोटी डॉलर, एका शॉटचे. आजच्या पद्धतीची कॅप 1984-85 ला आली तेव्हा अख्ख्या टीमला मिळून मर्यादा होती 36 लाख डॉलर, आणि मी एका न हलणाऱ्या माणसाला पहिल्याच वर्षी त्याच्या सहापट दिले. समोर दुसरं कोणी बोली लावतंय का हेसुद्धा बघितलं नाही. नंतर कळलं, कोणीच लावत नव्हतं.

आणि योग बघा, त्याच उन्हाळ्यात एनबीएचा नवा करार लागू झाला आणि त्यात 'सेकंड ॲप्रन' नावाची भानगड आली. ॲप्रन म्हटल्यावर माझ्या डोळ्यासमोर डॉक्टरांचा पांढरा कोट आला आणि खरं सांगायचं तर फार चुकलं नाही, कारण हा ॲप्रन घातला की तुम्हाला सगळंच वर्ज्य होतं. कॅपच्या वर लक्झरी टॅक्सची रेघ, म्हणजे जी ओलांडली की दंड भरायचा, तिच्यावर पहिला ॲप्रन, त्याच्यावर दुसरा. दुसऱ्याच्या वर गेलात की ट्रेडमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीत, दोन खेळाडूंचे पगार एकत्र जोडता येत नाहीत, रोख पैसे देता येत नाहीत, जितका पगार पाठवाल त्याच्यापेक्षा एक डॉलर जास्तीचा परत घेता येत नाही, मिड-लेव्हल एक्सेप्शन नावाचा, कॅपच्या वर असूनही नवा खेळाडू घेऊ देणारा जो खाऊ बाकीच्यांना मिळतो तो तुम्हाला नाही, आणि सात वर्षांनंतरचा तुमचा पहिल्या राउंडचा ड्राफ्ट पिकसुद्धा गोठवून ठेवतात, म्हणजे तो ट्रेडमध्ये देता येत नाही. सात वर्षांनंतरचा! तेव्हा ज्याला निवडायचा तो पोरगा आत्ता पाचवी-सहावीत असेल, त्याला माहीत पण नाही की माझ्या खांबापायी त्याचं भविष्य फ्रीजरमध्ये आहे.

2024-25 ला दुसऱ्या ॲप्रनची रेघ होती 188.931 मिलियनवर. मी तिच्या वर होतो. किती वर? सहा लाख डॉलर. खांबाचं एक बोट कापलं असतं तरी खाली आलो असतो.

फेब्रुवारीची ट्रेड डेडलाइन जवळ आली तसा मी खांब विकायला काढला. आधी कॉम्प्युटरच्या टीमना विचारलं, अठराच्या अठरा जणांनी 'रस नाही' असं कळवलं, सगळे मिळून तीन सेकंद लागले. मग माणसांकडे वळलो. आमच्यात एक वकील आहे, त्याला म्हटलं, "भावा, सेंटर घेतोस का? अनुभवी आहे." तो म्हणाला, "अनुभवी म्हणजे गुडघा गेलाय ना?" मी म्हटलं, "गुडघा कशाला जातोय, तो वापरतोच कुठे!" हे मी कौतुक म्हणून बोललो होतो. तरी वकिलाने शेवटच्या रात्री, डेडलाइनला चाळीस मिनिटं असताना, दोन माणसं देऊ केली, एक बरा फॉरवर्ड आणि एक कोणालाच नको असलेला गार्ड. मी आनंदाने वेडा व्हायचा बाकी. जागा करायला बेंचवरच्या एका पोराला काढून टाकायचीही तयारी केली, कारण रोस्टर पंधराचं, सोळावा बसत नाही. मग बेरीज केली. दोघांचा पगार मिळून 24.36 मिलियन. खांबाचा 23.76. फरक? सहा लाख. परत तेच सहा लाख, मला तर ते ओळखीचे वाटायला लागले होते. म्हटलं खांबाबरोबर एक छोटा खेळाडू जोडून देतो, होईल मॅच. कमिशनरचा मेसेज आला: "जोडता येत नाही. तू वर आहेस." पुढे हात जोडल्याचा इमोजी. हा माणूस नियम सांगताना नेहमी हात जोडतो.

मग मी माझ्या मते हुकमाचा पत्ता काढला. 2008 मध्ये डॅलसला न्यू जर्सीकडून जेसन किड हवा होता. पहिला सौदा ठरला तर डेव्हिन जॉर्ज नावाच्या त्यांच्याच एका बेंचवरच्या खेळाडूने नकार दिला, एक वर्षाच्या कॉन्ट्रॅक्टवर होता, ट्रेड झाला तर त्याचे बर्ड राइट्स, म्हणजे त्याच बर्ड एक्सेप्शनचा हक्क, गेले असते, म्हणून नियमाने त्याला नाही म्हणायचा हक्क होता आणि त्याने तो वापरला. अख्खा ट्रेड एका राखीव खेळाडूने अडवला. मग डॅलसने काय करावं? कीथ व्हॅन हॉर्न, जो खेळ सोडून घरी बसला होता, त्याला शोधून काढला, 4.3 मिलियनचं कॉन्ट्रॅक्ट दिलं आणि पगार मॅच करायला न्यू जर्सीला पाठवून दिला. तो तिथे एकही मॅच खेळला नाही. त्याच महिन्यात लेकर्सनी पाउ गसोलसाठी ॲरन मकीचा असाच वापर केला होता, आणि मकी तर तेव्हा फिलाडेल्फियात कोचिंग करत होता. मला हे प्रकरण भयंकर आवडतं, घरबसल्या पैसे आणि कोणी पळायला लावत नाही, माझ्यासाठी आदर्श करिअर हेच. तर मी वकिलाला म्हटलं, तू तुझ्या जुन्या रिटायर्ड खेळाडूंपैकी कोणी... आणि वाक्य पुरं व्हायच्या आत कमिशनर: "2011 च्या करारात ती पळवाट बंद झाली. आधीचा सीझन त्याच टीमकडे संपवलेला पाहिजे." हात जोडलेले.

डेडलाइन गेली. खांब उभा.

मनाची समजूत काढायला मी 2016 आठवतो. नवीन टीव्ही कराराचे पैसे आले, कॅप एका वर्षात 70 वरून 94 मिलियनवर गेली, आणि सगळ्या लीगला बोनस मिळाल्यासारखं झालं, खिशात पैसा आणि समोर बाजार. लेकर्सनी टिमोफी मोझगोव्हला चार वर्षांचे 64 मिलियन दिले आणि लुओल डेंगला चार वर्षांचे 72. दोन वर्षांत डेंगला सोडावं लागलं, त्याचे पैसे पुढच्या वर्षांवर पसरवले, आणि 2020 ला लेकर्स चॅम्पियन झाले तेव्हा डेंग रिटायर होऊन घरी होता पण त्याचे साधारण 5 मिलियन त्यांच्या वहीत तसेच. म्हणजे ज्यांना ह्या कामाचा पगार मिळतो त्यांचं हे असं, मी तर फुकट करतो.

आणि मग जुलै 2025 मध्ये मिलवॉकीने डेमियन लिलार्डला सोडलं. टाचेमागचा अकिलिस फाटलेला, दोन वर्षांचे मिळून 113 मिलियनच्या आसपास बाकी, ते त्यांनी पाच वर्षांवर ताणले, दरवर्षी साधारण साडेबावीस. ह्याला स्ट्रेच म्हणतात. उरलेली वर्षं गुणिले दोन अधिक एक, तेवढ्या वर्षांत ते पैसे विभागून कॅपवर बसतात. खेळाडू गेला तरी पगार राहतो, भाडेकरू गेला आणि त्याचं कपाट आपल्या हॉलमध्ये राहिलं तसं. लिलार्ड तर परत पोर्टलँडला, आपल्या जुन्या टीमकडे जाऊन बसला. मी ती बातमी वाचली आणि म्हटलं, अरे, हे मिलवॉकीला चालतं तर मला काय धाड भरलीय!

खांबाचे उरले होते 25.52 अधिक 27.28, म्हणजे 52.8. भागिले पाच, वर्षाला 10.56. म्हणजे ह्या वर्षी जवळपास पंधरा मिलियन एकदम मोकळे, ॲप्रनच्या खाली, पगार जोडता येणार, खाऊ मिळणार, सहावीतल्या पोराचं भविष्य फ्रीजरच्या बाहेर. पाच वर्षं ते भूत वहीत राहील, राहू दे. फक्त एक अट, 31 ऑगस्टपर्यंत सोडायचा. त्यानंतर सोडला तर चालू वर्षाचे 25.52 अख्खेच्या अख्खे ह्याच वर्षावर बसतात, पसरतं फक्त पुढचं वर्ष.

जुलैमध्ये सोडायचं ठरवलं होतं. पण म्हटलं बघू, कुणाचा सेंटर जखमी झाला तर ट्रेड होईल. ऑगस्टमध्ये म्हटलं, अजून वेळ आहे. (बायको म्हणते हे वाक्य माझ्या फोटोखाली लिहायला पाहिजे.) असं करत करत 31 ऑगस्टच्या रात्री अकराला लॅपटॉप उघडला. त्याच्या पानावर गेलो. 'वेव्ह' चं, म्हणजे खेळाडूला सोडून द्यायचं, बटण लाल रंगाचं असतं, दाबलं की विचारतात, 'नक्की?'

मी म्हटलं शेवटचं एकदा बघून घेऊ. त्याच्या पानावर जुन्या सगळ्या मॅचेसची यादी असते, तारखेनुसार. 2020 पासून सुरू केलं. पहिल्या मॅचला चार मिनिटं, शून्य पॉइंट, तीन फाउल. एका मॅचला एकोणीस रिबाउंड, ती मी पूर्ण विसरलो होतो, तेव्हा समोरच्या टीमचे तीन जण आजारी होते पण तरी एकोणीस म्हणजे एकोणीस. मग ती सातवी मॅच. शेवटच्या दोन सेकंदांचं वर्णन कॉम्प्युटरने एका ओळीत लिहिलंय, 'ऑफेन्सिव्ह रिबाउंड, दोन पॉइंट', बास. मी ती ओळ दोनदा-तीनदा वाचली. मग त्याच्या आधीची वाचली, मग त्याच्या आधीच्या क्वार्टरची. मग फायनल कुठे हातची गेली ते शोधायला लागलो, आणि ते सापडलं पण, आमच्या गार्डने तिसऱ्या मॅचला सोडलेले दोन फ्री थ्रो, मूर्ख माणूस.

फोन वाजला. कमिशनर. मेसेजमध्ये शब्द नव्हतेच, नुसते जोडलेले हात. घड्याळात बारा वाजून चार मिनिटं.

बायकोने आतून विचारलं, "गेला का रे तुझा तो खांब?"

"नाही," म्हटलं, "उभाय."