पोह्यांचा भाव का उतरत नाही: एक खुलासा

"महागाई दर उतरला, तरी इंदूरचे पोहेवाले भाव उतरवत नाहीत, ही लूट आहे," असा मेसेज आपल्या मराठी ग्रुपांवर फिरतोय. ते चूक आहे. महागाई दर म्हणजे भाव वाढण्याचा वेग; तो उतरला तरी शून्याच्या वर असेपर्यंत भाव वाढतच असतो, फक्त हळू. 20 रुपयांची प्लेट 10 टक्क्यांनी वाढून 22 ची झाली आणि पुढल्या वर्षी दर 5 टक्क्यांवर आला, तर ती 23 रुपये 10 पैशांना पडते. परत 20 ला नाही. शिवाय आपले पोहे वाफेवर ठेवलेले, म्हणजे खाली सकाळभर गॅस जळतोच. सप्टेंबर 2024 मध्ये खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढलं. त्यातल्या कच्च्या, म्हणजे शुद्ध न केलेल्या खाद्यतेलावरचं मात्र मे 2025 मध्ये कमी झालं. हां, वरच्या मूठभर शेवेची चिमूट झालीय, ती तक्रार मात्र खरी!